हसताय काय?

मार्च महिन्यातली दुपार. पंखा फुल, टेबलाच्या काचेखाली आधीच्या कुणीतरी सरकवून ठेवलेलं तुळजाभवानीचं छोटं चित्र, आणि समोर उभा एक माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद. मुलगा एसवायला, हजेरी ४१ टक्के. डिफॉल्टर लिस्ट लागली होती आणि त्या आठवड्यात केबिनबाहेरच्या बाकावर सकाळपासून पालक बसलेले असायचे. हे बहुधा त्या दिवसातले तेविसावे की चोविसावे. मी नियम सांगत होते, परीक्षेला बसता येणार नाही म्हणून सांगत होते, आणि हा गृहस्थ हसत होता. मोठ्याने नाही. ओठ थोडे ताणलेले, दात दिसतील न दिसतील इतपत. मी म्हटलं, मुलाचं वर्ष जाईल. हसू तसंच. मी म्हटलं, मुलगा कॉलेजात जातो की नाही हे तुम्हाला घरी कळत नाही? तरी तसंच. मग माझा आवाज चढला. "हसताय काय? मी विनोद सांगतेय का इथे?" चहा घेऊन आलेले शिपाईमामा दारातच थबकले. हेडक्लार्कनी रजिस्टरमधून मान वर केली आणि लगेच खाली घातली. त्या माणसाचं हसू पुसल्यासारखं गेलं. "चुकलं मॅडम," म्हणत त्याने हात जोडले आणि पिशवी न उघडताच तो निघून गेला. ते कागद कसले होते, मला अजून माहीत नाही.

मी मानसशास्त्र शिकवते. २६ वर्षं.

ठाण्यात राहून मानसशास्त्र शिकवणं ही मुळातच एक गंमत आहे. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, त्यामुळे "याला ठाण्याला पाठवा" म्हटलं की महाराष्ट्रात पुढचं काही सांगावं लागत नाही. लग्न होऊन नौपाड्यात आले तेव्हा साताऱ्याकडच्या प्रत्येक नातेवाइकाने एकदा तरी विचारलं होतं, "मग तू नक्की कुठे असतेस? आत की बाहेर?" मीही हसायचे. त्या हसण्यात मला काय वाटायचं हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सांगता आलं असतं असंही नाही. तर अशा गावात मी दर वर्षी पावसाळ्यात 'भावना' हे प्रकरण शिकवते. वर्तमानपत्रातून कापलेले चेहरे घेऊन वर्गात जाते. झेल सुटलेला क्षेत्ररक्षक, निकालाच्या दिवशीचा उमेदवार, बोहल्यावरची नवरी. "या माणसाला काय वाटतंय?" पोरांचं उत्तर ठरलेलं, टेन्शन. क्षेत्ररक्षकाला टेन्शन, उमेदवाराला टेन्शन, नवरीला तर टेन्शनच टेन्शन. मग मी फळ्यावर आपले शब्द लिहिते. हुरहूर, खंत, रुखरुख, चुटपुट, ओशाळणं, हिरमुसणं, कानकोंडं होणं. रुखरुख आणि चुटपुट यांत फरक काय, असं एकदा विचारलं तेव्हा शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, चुटपुट सुटलेल्या लोकलची, रुखरुख सुटलेल्या माणसाची." मी तिला त्या दिवशी मनातल्या मनात पैकीच्या पैकी देऊन टाकले.

त्याच प्रकरणात पुढे पीटर सॅलोव्ही हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ येतात. १९९० साली त्यांनी आणि जॉन मेयर यांनी 'भावनिक बुद्धिमत्ता' या नावाने एक निबंध लिहिला. त्यामागची कथा मला फार आवडते आणि वर्गातही मी ती जरा रंगवूनच सांगते. सॅलोव्हींच्या घराला दोघे मित्र रंग देत होते. हातात ब्रश, तोंडाने गप्पा. एक जण भावनांवर काम करणारा, दुसरा बुद्धी आणि भावना यांची सांगड कशी लागते हे शोधणारा, आणि भिंत रंगवता रंगवता विषय निघाला की भावना ओळखण्यातही काहींना जास्त गती असते, मग तिलाही बुद्धीच का म्हणू नये? आमच्याकडे दिवाळीआधी रंग काढला की घरात फक्त भांडणं होतात. पाच वर्षांनी डॅनियल गोलमन या पत्रकाराने त्याच नावाचं पुस्तक लिहिलं, ते जगभर गेलं, आणि मग कंपन्यांच्या ट्रेनिंगांपासून ते आमच्याकडच्या फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅमपर्यंत जो तो भावनिक बुद्धिमत्ता वाढवून द्यायला लागला. मूळ दोघांचं म्हणणं त्यामानाने साधं आणि मापातलं होतं. भावना ओळखणं, विचार करताना तिची मदत घेणं, ती कशातून कशात बदलते हे समजणं आणि मग ती सांभाळणं, अशा चार शाखा त्यांनी १९९७ साली मांडल्या. मी त्या फळ्यावर शिडीसारख्या काढते. सगळ्यात खालची पायरी ओळखणं. चेहरा बघून ओळखणं. सगळ्यात सोपी म्हणून ती आम्ही पंधरा मिनिटांत उरकतो.

पुढे त्यांनी डेव्हिड करुसो यांच्याबरोबर एक कसोटीही तयार केली, २००२ मध्ये. त्यात चेहऱ्यांचे फोटो असतात आणि या चेहऱ्यावर आनंद किती, भीती किती, दुःख किती, असं एक ते पाचमध्ये सांगायचं असतं. आता गणिताला उत्तर असतं, चेहऱ्याला काय उत्तर? त्यांनी त्यावर दोन उपाय काढले. एक म्हणजे पाच हजारांहून जास्त लोकांनी काय उत्तर दिलं ते बघायचं. दुसरा, भावनांवर संशोधन करणाऱ्या २१ तज्ज्ञांनी काय दिलं ते बघायचं. म्हणजे बहुमत किंवा पंच. वर्गात हे सांगताना मी नेहमी थोडी तिरकस बोलायचे, की बघा, भावनांच्या बाबतीतही शेवटी मतदानच. त्या मार्चनंतर मात्र हे वाक्य माझ्या तोंडून येत नाही. त्या दुपारचा चेहरा पाच हजार लोकांना दाखवला असता तर किती जणांनी आनंदाखाली एकावर खूण केली असती आणि किती जणांनी पाचावर? त्यात केबिनच्या बाहेरच्या बाकावर कधी ना कधी बसलेले किती असते? आणि मी तर तज्ज्ञ. मी सरळ 'उद्धटपणा' लिहून मोकळी झाले होते, जो त्या यादीत नाहीच.

मी प्राचार्यांच्या त्या खुर्चीत कशी बसले ते सांगायला हवं. आमचे प्राचार्य निवृत्त झाले, जागा भरायची प्रक्रिया कागदांत अडकली आणि सेवाज्येष्ठतेने माझ्या नावापुढे 'प्रभारी' हा शब्द लागला. प्रभारी म्हणजे सही तुमची, खुर्ची दुसऱ्याची. स्टाफरूममध्ये पेढे वाटले तेव्हा गणिताचे सर मनापासून हसले, जिमखान्याचे सर हसले, आणि माझ्याच विभागातल्या, माझ्याहून आठ महिन्यांनी ज्युनिअर असलेल्या बाईंनी पेढा अर्धाच खाऊन कागदात गुंडाळून ठेवला. सॅलोव्हींचं सुरुवातीचं काम यावरच आहे, ज्युडिथ रोडिन या त्यांच्या मार्गदर्शक बाईंबरोबर केलेलं, १९८४ सालचं. दुसऱ्याच्या यशाने आपल्याला कधी टोचतं? तर आपण स्वतःला ज्या गोष्टीवरून ओळखतो, त्याच गोष्टीत तो पुढे गेला की. शेजारणीच्या पुरणपोळीचा हेवा तिलाच वाटतो जिला स्वतःच्या पुरणपोळीचा अभिमान असतो. हे मला माहीत होतं, म्हणून मी त्या अर्ध्या पेढ्याचा राग धरला नाही. उलट मनात म्हटलं, बघा, शिकलेलं कामाला येतंय. (त्या रोडिनबाईसुद्धा पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या. मत्सराचा अभ्यास करणाऱ्यांना ही खुर्ची मानवत असावी.)

पण पेढा वेगळा आणि केबिन वेगळी. खुर्चीत बसल्यावर पहिल्या महिन्यात मी एक नोटीस काढली. 'विद्यापीठाच्या नियमानुसार ७५ टक्के हजेरी नसलेल्या विद्यार्थ्यांची गय केली जाणार नाही.' गय! हा शब्द मी आयुष्यात कधी बोलण्यात वापरला नव्हता, तो माझ्या पेनातून आपोआप उतरला, जणू खुर्चीच्या हातात तो आधीपासून होता. आणि गंमत अशी की सॅलोव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं यावरही काम केलंय. एकच गोष्ट फायद्याच्या बाजूने सांगावी की तोट्याच्या? समुद्रकिनाऱ्यावरच्या लोकांनी सनस्क्रीन लावावं असं वाटत असेल तर लावल्याने काय मिळेल ते सांगा, आणि बायकांनी स्तनांची तपासणी करून घ्यावी असं वाटत असेल तर न केल्याने काय गमवाल ते सांगा, असं त्यांना दिसलं होतं. पुढे इतरांनी पडताळून पाहिल्यावर हा फरक बराच लहान निघाला, पण निदान प्रश्न तरी पडला होता. मला नोटीस काढताना प्रश्नही पडला नाही. ती नोटीस फळ्यावर आठ महिने होती. कोपऱ्यात कुणीतरी पेनाने एक हसरा चेहरा काढला होता.

सॅलोव्ही स्वतः २०१३ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्याआधी तिथेच डीन, मग प्रोव्होस्ट, म्हणजे अध्यक्षांच्या खालोखाल कारभार बघणारे. जे येल एलिहू येल नावाच्या कंपनी सरकारच्या माणसावरून ओळखलं जातं, जो मद्रासला गव्हर्नर होता आणि तिथे गबर झाला, त्या येलचे. भावनिक बुद्धिमत्तेच्या अभ्यासाचा पाया घालणारा माणूस हजारो विद्यार्थ्यांच्या भावनांचा धनी झाला. मला तेव्हा फार उत्सुकता होती. एखाद्या वैद्याला साथीच्या गावचा सरपंच केल्यासारखं काहीतरी होईल, असं वाटायचं. दोन वर्षांतच तिथे वंशभेदावरून विद्यार्थी उसळले. सॅलोव्ही त्यांच्यात जाऊन बसले, तासन् तास ऐकलं आणि आम्ही कमी पडलो असं कबूल केलं. मी ती बातमी वर्गात वाचून दाखवली होती. बघा, तिसरी पायरी, चौथी पायरी! पण तिथल्या एका कॉलेजला जॉन कॅल्हून या गुलामगिरीच्या कट्टर समर्थकाचं नाव होतं, ते बदला अशी मागणी होती. एप्रिल २०१६ मध्ये सॅलोव्हींनी सांगितलं, नाव राहील. फेब्रुवारी २०१७ मध्ये सांगितलं, नाव बदलेल. आणि ग्रेस हॉपर या संगणकशास्त्रज्ञ बाईंचं नाव आलं. नामांतर म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९७८ चा ठराव आणि १९९४ चा नामविस्तार यांच्यामध्ये मराठवाड्यात काय काय जळलं, ते माझ्या पिढीला पाठ आहे. त्यामानाने दहा महिने म्हणजे काहीच नाहीत. तरीही मला प्रश्न पडायचा की त्या पहिल्या 'राहील'च्या दिवशी ज्या मुलांचे चेहरे त्यांनी आधी इतके तास जवळून पाहिले होते, ते चेहरे त्यांना आठवले असतील का. आठवले असणारच. आठवूनही 'राहील' म्हटलं असणार, आणि हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आता थोडं कळतं.

एप्रिल २०२४ मध्ये, म्हणजे माझ्या त्या दुपारनंतर महिन्याभरात, गाझातल्या युद्धावरून निषेध करत येलच्या आवारात तंबू ठोकून बसलेल्या चाळीसहून अधिक जणांना पोलिसांनी पहाटे धरून नेलं. अध्यक्ष सॅलोव्हीच. जूनअखेर त्यांची ११ वर्षं संपली. ते पद सोडणार हे आदल्या वर्षीच जाहीर झालं होतं, त्यामुळे त्याचा याच्याशी संबंध नाही. पण मी मोबाइलवर ते फोटो बघत बसले होते, तंबू, दोऱ्या, पाठीमागे हात बांधलेली मुलं, आणि माझा जीव कुठे अडकला होता तर त्या फोटोंत नसलेल्या एका माणसाच्या चेहऱ्यात. त्यांची बरोबर-चूक ठरवणारी मी कोण? तिथलं राजकारण वेगळं, ताण वेगळे. माझी बरोबरी तर नाहीच. ते ११ वर्षं, मी १४ महिने. ते येल, मी तीन मजल्यांची, पावसाळ्यात जिन्यात बादल्या ठेवाव्या लागणारी इमारत. तरीही मेमध्ये नवे प्राचार्य आल्यावर मी केबिनची किल्ली दिली आणि दोन दिवसांत माझा आवाज परत माझा झाला, हे मला स्वतःलाच ऐकू आलं. शिपाईमामा म्हणाले, "बाई, आता तुम्ही पहिल्यासारख्या दिसता." कौतुकाने म्हणाले. मला ते लागलं. चौदा महिने ते रोज माझ्यासाठी चहा आणत होते आणि रोज कुणा दुसऱ्याच बाईंना देत होते.

आणि ते डिफॉल्टर? शेवटी सगळ्यांकडून हमीपत्र लिहून घेतलं आणि सगळ्यांनाच परीक्षेला बसू दिलं. दर वर्षी असंच होतं. हे मला त्या दुपारीही माहीत होतं. म्हणजे त्या माणसाचं हसू घालवून कुणाला काहीच मिळणार नव्हतं. मुलगा का येत नव्हता हेही मी विचारलं नाही. तेवढा वेळ नव्हता असं मी बरेच दिवस म्हणत होते, पण ओरडायला लागतो तेवढाच वेळ विचारायला लागतो.

हे सगळं मी फक्त एका व्यक्तीला सांगितलं, आमच्या संस्कृतच्या निवृत्त बाईंना. आम्ही दोघी संध्याकाळी तलावपाळीला फेऱ्या मारतो, म्हणजे दीड फेरी मारतो आणि मग कौपिनेश्वराच्या बाजूला कट्टा रिकामा मिळाला की बसतो. भेळवाल्याचं कढईत उलथनं आपटणं, पाण्याचा शेवाळी वास, बोटीतून येणाऱ्या पोरांच्या किंचाळ्या. मी बोलत होते आणि त्या शेंगदाण्याची सालं फुंकत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, त्याला शब्द आहे. अवहित्थ." मला वाटलं त्या शिंकल्या. "भरताने नाट्यशास्त्रात तेहेतीस व्यभिचारी भाव सांगितलेत ना, म्हणजे येऊन-जाऊन असणारे, त्यातला एक. आतला भाव दिसू नये म्हणून चेहऱ्यावर दुसरं काहीतरी आणणं. लपवणं हाच भाव." मी विचारलं, "तो कशाने होतो?" त्या एकेक बोट मिटत मोजायला लागल्या. "लाज. भीती. हार. समोरच्याचा मोठेपणा. आणि लबाडी." चार बोटं मिटली तोवर मी गप्प होते, पाचव्यावर म्हटलं, "लबाडी नव्हती." त्या म्हणाल्या, "तुला काय ठाऊक? तू विचारलंस कुठे!" आणि पुडी माझ्यापुढे केली. संस्कृतवाल्यांचा हा त्रास असतो. शब्द देतात आणि दिलासा देत नाहीत.

सॅलोव्हींची कसोटी मी पुन्हा काढून पाहिली. आनंद आहे, दुःख आहे, भीती, राग, आश्चर्य आहे. लपवण्याला रकाना नाही. आता वर्गात मी फळ्यावरच्या यादीत शेवटी तो शब्द लिहिते. पोरं त्याचा उच्चार करताना हसतात. हसू देते.

गेल्या जुलैत लोकमान्यनगरला एका नातेवाइकांकडे जायचं होतं. पाऊस असा की सॅटिसवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या उंच पुलावर, उभं राहूनही आडव्या सरी अंगावर येत होत्या. टीएमटीची बस आली तीच भरून. मी कशीबशी मधल्या दांड्याला धरून उभी. ओल्या छत्र्या, ओला खाकी कपडा, कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास. कंडक्टर मागून माणसांच्या फटीतून सरकत येत होता. एका माणसाने वीस रुपयांच्या आतल्या तिकिटासाठी पाचशेची नोट दिली होती आणि सुटे नाहीत म्हटल्यावर तो आईबहिणीवर येईल इतका चिडला होता. कंडक्टर हसत होता. ओठ थोडे ताणलेले, दात दिसतील न दिसतील इतपत. मी आधी ते हसू ओळखलं, माणूस नंतर. नोट परत देऊन, "उतरताना बघू साहेब," म्हणून तो पुढे सरकला. रोज आठ तास. तेच हसू घरून निघताना खिशाच्या पेनासारखं बरोबर येत असेल, आणि सुट्टीच्या दिवशी पांढऱ्या शर्टातही विसरत नसेल.

मग तो माझ्यासमोर आला. मुलाचं विचारावं, पास झाला का, काय करतो सध्या. त्या कागदांचंही विचारावं. जीभ टाळूला चिकटली होती. तीन हात नाक्याचा सिग्नल लागला, बस थांबली. त्याने मशीनवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं, आणि नेहमीपेक्षा अंमळ जास्तच पाहिलं की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. बाहेर अंधारून आलं होतं, आतले दिवे लागलेले, आणि त्याच्या खांद्यामागच्या ओल्या काचेत मला माझा चेहरा दिसला. मी हसत होते. ओठ ताणून, दात दिसतील न दिसतील इतपत.

"सुटे द्या मॅडम," तो म्हणाला.